कागदावर पावणेपाचशे, रस्त्यावर तीनशेही नाही. गाडी दाखवायला नेऊ का?

वहीवाली (पुणे, सिंहगड रोड)

नमस्कार मंडळी. आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे उत्तर देताना कोणी 'काकू, रेंज म्हणजे काय माहितीये का' पासून सुरुवात करणार नाही. बँकेत एकतीस वर्षं काढली, आता निवृत्त. आकडा जुळला नाही की झोप लागत नाही, हा जुना रोग. १९९८ साली मारुती ८०० घेतली तेव्हापासून घरातल्या प्रत्येक गाडीची वही आहे. किती पेट्रोल भरलं, किती चालली, हवा कधी भरली, सगळं. आमचे हे त्या वहीला 'दुसरं पासबुक' म्हणतात.

पाडव्याला इलेक्ट्रिक एसयूव्ही घेतली. बॅटरी ४५ किलोवॅट-अवरची, म्हणजे आपल्या भाषेत ४५ युनिटांची. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर हा धागा 'आमची कंपनी, तुमची कंपनी' या भांडणात वाहून जाईल. माहितीपत्रकात रेंज पावणेपाचशे किलोमीटर. विकणारा मुलगा म्हणाला होता, "काकू, थोडी कमी मिळेल." थोडी म्हणजे किती ते त्याने सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. एकतीस वर्षं लोकांना 'अटी वाचून सही करा' असं सांगत आले, आणि स्वतः मात्र पेढा खाऊन सही केली.

आता आषाढात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून कोल्हापूरला गेलो. वहीतल्या नोंदी जशाच्या तशा देते.

जाताना: सकाळी ६.१० ला निघालो, १०० टक्के. पडद्यावर ३१८ किमी दाखवत होतं. गाडीत चौघं (आम्ही दोघं, नणंद, तिचा मुलगा) आणि डिकीभर सामान. मीच चालवत होते. रस्ता मोकळा मिळेल तिथे १०० ते १०५. एसी चालू, खंबाटकीपासून पुढे अधूनमधून पाऊस, वारा जोरात. कोल्हापूरला भावाच्या दारात २३६ किमी झाले आणि उरले ९ टक्के. किणी टोलनाक्यापासून गाडीत कोणी बोलत नव्हतं.

भावाकडे घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर लावली. ९ चे १०० व्हायला साधारण चौदा तास लागले. मी मीटर बघून ठेवलं होतं. लावताना आणि काढताना वाचलं, मधल्या काळात घरातलं बाकी काही त्या मीटरवर नव्हतं (भावाने गाडीसाठी वेगळं मीटर घेतलंय). ४७ युनिटं गेली.

येताना: तीच माणसं, तेच सामान, तोच रस्ता. फक्त चालवायला आमचे हे, आणि ते ८० च्या वर जात नाहीत. १९८९ साली जात नव्हते, आताही जात नाहीत. घरी पोचलो तेव्हा २७ टक्के शिल्लक.

म्हणजे जातानाच्या हिशेबाने पूर्ण बॅटरीत २५९ किमी, येतानाच्या हिशेबाने ३२३. पुणं आणि कोल्हापूर उंचीला जवळपास सारखेच, तेव्हा चढ-उताराचं कारणही पुढे करता येत नाही.

शहरातलं तर आणखी चक्रावणारं. मे महिन्यात घर ते डेक्कन अशा फेऱ्यांना गाडीच्या पडद्यावर १०० किलोमीटरला १७ ते १८ युनिटं दिसायची. जुलैत त्याच फेऱ्यांना साडेअकरा. गाडी तीच, बाई तीच.

सर्व्हिस सेंटरला फोन केला तर तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, तुमचा पाय जड आहे." यावर काय बोलायचं ते मी बोलले, इथे लिहीत नाही.

प्रश्न तीन. एक, बॅटरीत दोष आहे का, आणि तो कसा ओळखायचा? दोन, ४१ युनिटांची जागा रिकामी होती तर मीटरवर ४७ कशी गेली? सहा युनिटं कुणाच्या खात्यात जमा झाली? तीन, गणपतीला चिपळूणला सासरी जायचंय, कराड-पाटण-कुंभार्ली मार्गे, साधारण २६५ किमी. वाटेत कुठे अडकणार तर नाही ना? कृपया अंदाजपंचे उत्तर नको.

डिझेलभक्त_बार्शी

काकू, डिझेल घ्या. टाकी भरा, हजार किमी विसरा.

वहीवाली

भाऊ, आधीची डिझेलच होती. तिच्या पत्रकात लिटरला २१ होते, वहीत १५.४ आहेत. आकडा फुगवायची पद्धत जुनीच आहे, फक्त पेट्रोल पंप दर वीस किलोमीटरवर असल्यामुळे तेव्हा भीती वाटत नव्हती. पुढे.

टेकडीकर (पुणे, कोथरूड)

ताई, रोज सकाळी एआरएआयच्या (गाड्यांच्या चाचण्या करणारी संस्था) टेकडीवर फिरायला जातो म्हणून हे नाव. संस्थेत कामाला नाही, उगाच कोणी मला तिथला साहेब समजू नये. मी मोटार-दुरुस्ती आणि टेस्टिंगच्या धंद्यात भोसरीला तीस वर्षं होतो.

आधी निकाल सांगतो: बॅटरी ठणठणीत आहे. आणि हे मी नाही, तुमची वही सांगते. घरच्या प्लगवर सावकाश चार्ज करताना भिंतीतून निघालेल्या विजेतले ढोबळमानाने १२-१३ टक्के वाटेत जातात. ४७ मधून तेवढे वजा केले की ४१ उरतात. ४५ चे ९१ टक्के किती? ४१. बॅटरी थकलेली असती तर ती एवढं प्यायलीच नसती, तीस-पस्तीसलाच 'पुरे' म्हणाली असती. या पद्धतीने दोन-चार टक्क्यांची घट कळणार नाही, पण मोठा दोष लपत नाही. वर्षातून एकदा हाच प्रयोग त्याच मीटरवर करा आणि वहीत लिहून ठेवा. वॉरंटीच्या वेळी सर्व्हिस सेंटरच्या बोलण्यापेक्षा ती नोंद जास्त कामाची.

सहा युनिटांचं खातं असं. भिंतीतली वीज एसी, म्हणजे उलटसुलट वाहणारी. बॅटरीला एकाच दिशेने वाहणारी लागते. ते रूपांतर गाडीतला चार्जर करतो आणि करताना गरम होतो. शिवाय चौदा तास गाडीचे संगणक, पंप, रिले जागे असतात. त्यांनी दोनशे वॅट धरले तरी चौदा तासांत जवळपास तीन युनिटं झाली. म्हणूनच घरी ७.२ किलोवॅटचा चार्जर बसवला तर नुकसान थोडं कमी होतं. काम लवकर उरकतं, पहारेकऱ्यांना रात्रभर पगार द्यावा लागत नाही.

आता रेंज. पावणेपाचशेचा आकडा खोटा नाही, पण तो तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही. आपल्याकडची चाचणी म्हणजे एमआयडीसी, 'मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल'. (हो, चाकणची एमआयडीसी नव्हे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही वाटलं गाडी औद्योगिक वसाहतीत फिरवून आणतात.) युरोपची जुनी चाचणी घेऊन तिचा वेग आपल्यासाठी खाली आणलेला आहे. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर उभी असते. पहिला भाग शहराचा: १९५ सेकंदांचा एकच नमुना चार वेळा, कमाल वेग ५०. दुसरा भाग ४०० सेकंदांचा, कमाल वेग ९०, तोही थोडाच वेळ. सगळं मिळून १,१८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटंही नाहीत, आणि बॅटरी संपेपर्यंत तेच पाढे. एसी बंद. खंबाटकी नाही, पाऊस नाही, नणंद नाही.

काही वर्षांपूर्वीपर्यंत इलेक्ट्रिक गाड्यांची जाहीर रेंज यातल्या फक्त पहिल्या भागावर यायची. नंतर दोन्ही भाग धरायला लागले, तेव्हा काय झालं बघा: टाटा कर्व्हच्या ५५ युनिटांच्या गाडीचा आकडा ५८५ होता, तो दोन्ही भाग धरून ५०२ झाला. गाडीतला एक स्क्रूही बदलला नव्हता. त्याच गाडीला कंपनीने स्वतःच 'बहुतेक ग्राहकांना ४०० ते ४२५ मिळतील' असा तिसरा आकडाही दिला. एका गाडीचे तीन आकडे, आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर.

म्हणून मी रेंज बघतच नाही. बॅटरीला रेंजने भागतो. ह्युंदाई क्रेटा इलेक्ट्रिक, बाजारात आली तेव्हा ५१.४ युनिटं आणि ४७३ किमी: शंभराला १०.९. महिंद्रा बीई ६, ७९ युनिटं आणि ६८२ किमी: शंभराला ११.६. तुमची ४५ आणि ४७५: साडेनऊ. आता विचार करा, दीड टनाच्या वरची, भिंतीसारखं तोंड असलेली गाडी शंभर किलोमीटरला साडेनऊ युनिटांत कधी जाईल? सावकाश, सपाटीवर, एसीविना, वाऱ्याविना. तुमच्या वहीत जाताना १७.४ आहे, येताना १३.९. हे दोन्ही आकडे अशा गाडीला अगदी शोभणारे आहेत.

फरक कुठून आला? हवेतून. टायर लोळवायला शंभर किलोमीटरला साधारण पाच युनिटं लागतात, ती ८० ला आणि १०० ला जवळपास तेवढीच. हवा कापायला मात्र वेगाच्या वर्गाने लागतात. अशा गाडीचा माझा ढोबळ हिशेब: ८० ला साडेसहा, १०० ला दहाच्या थोडं वर. वेग सव्वापट, हवेचं बिल दीडपटीहून जास्त. आणि आषाढातला वारा विसरू नका. तो पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो, आणि तुम्ही दक्षिणेला तोंड करून चालला होतात. समोरून ताशी वीसचा वारा असेल तर काट्यावर ९० असले तरी हवेच्या लेखी गाडी ११० ने चाललीय. येताना तोच वारा पाठीशी. तेव्हा सगळं श्रेय साहेबांच्या ८० ला देऊ नका, थोडं मान्सूनलाही द्या.

मे आणि जुलैचा फरक मात्र वेगळ्याच कारणाचा आहे, आणि तो बहुतेकांना उलटा वाटतो. एसी किलोमीटरवर चालत नाही, तासावर चालतो. राजाराम पुलाच्या आसपास ९ किलोमीटरला ४५ मिनिटं लागली आणि मे महिन्यात एसी सव्वा किलोवॅट खात असला, तर तेवढ्यात जवळपास एक युनिट गेलं. म्हणजे शंभर किलोमीटरच्या हिशेबात दहा युनिटं नुसत्या गारव्याची! तोच एसी हायवेला ८० ने जाताना शंभराला दीड युनिट खातो. लोक शहरात एसी लावून हायवेला बंद करतात. पैसे वाचवायचे तर उलट करायला हवं, पण मे महिन्यात कोणाला सांगणार?

पडद्यावरचे ३१८ म्हणजे भविष्य नव्हे. आधीची चाल बघून गाडीने केलेला अंदाज. शहरातल्या फेऱ्यांनंतर तुम्ही कात्रजचा बोगदा ओलांडून १०० ला निघाल्याचं तिला कसं कळणार?

टायरची हवा कधी भरली होती?

वहीवाली

मे १४. (वहीत आहे.) तुमच्या प्रश्नानंतर आज खाली जाऊन बघितली. ३६ हवी, दोन टायरांत ३१ निघाली. हे मी स्वतःहून सांगते आहे याची नोंद घ्यावी.

बॅटरीचा हिशेब मी तीनदा करून बघितला. ४० पूर्णांक ८९. जुळतं. खूप दिवसांनी कोणीतरी माझ्याच आकड्यांतून मला उत्तर काढून दिलं. सर्व्हिस सेंटरच्या त्या मुलाला पाय जड म्हणण्याऐवजी एवढं सांगता आलं असतं.

एसी तासावर चालतो, हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे.

समृद्धीवरचा_रोजचा (छत्रपती संभाजीनगर)

टेकडीकर काकांच्या वेगाच्या मुद्द्याला माझे आकडे जोडतो. माझ्याकडे मोठी गाडी आहे, ७९ युनिटांची. कामासाठी समृद्धीवर सारखा असतो. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता म्हणजे या प्रयोगासाठी बांधलेली प्रयोगशाळाच समजा: सिग्नल नाही, अवघड वळण नाही, मर्यादा १२०.

क्रूझ (ठरवलेला वेग गाडीनेच धरून ठेवायची सोय) ९० ला लावला तर शंभराला साडेपंधरा ते सोळा. १२० ला लावला तर बावीस. म्हणजे एकाच गाडीत पाचशे आणि साडेतीनशे. आता गंमत बघा. तीनशे किलोमीटर १२० ने गेलं तर अडीच तास, ९० ने गेलं तर तीन तास वीस मिनिटं. पन्नास मिनिटं वाचली. पण जास्तीची वीज अठरा-एकोणीस युनिटं. जलद चार्जर मोठा आणि मोकळा मिळाला तर ती वीस मिनिटांत परत मिळते, म्हणजे तरीही अर्ध्या तासाचा फायदा. आणि चार्जरवर आधीच दोन गाड्या उभ्या असल्या की सगळा फायदा तिथल्या वडापावच्या गाडीवर जमा. म्हणून मी १०० ते १०५ वर स्थिरावलोय. कोणी शास्त्र विचारू नका, अनुभवाने तिथे पोचलोय.

एक सूचना: शंभर ते शून्य असा हिशेब कधीच करू नका. घरून १०० वर निघायचं, १२-१५ ला पहिल्या थांब्यावर पोचायचं, तिथे ८० पर्यंत भरायचं. ८० नंतर चार्जिंगचा वेग इतका पडतो की उरलेल्या वीस टक्क्यांत जेवण होऊन बडीशेपही संपते. म्हणजे पहिला टप्पा ८५ टक्क्यांचा आणि पुढचे सगळे ६५ टक्क्यांचे. ताईंच्या गाडीला ९० च्या चालीने पहिला टप्पा अडीचशेच्या आसपास, दुसरा दोनशेच्या आत.

उत्तरेकडचा_सातारकर (ओस्लो)

इथे बसून वाचतोय, राहवलं नाही म्हणून थोडक्यात. नॉर्वेत २०२४ मध्ये विकलेल्या नव्या गाड्यांपैकी ८८.९ टक्के इलेक्ट्रिक होत्या, आणि तरीही ऑफिसातल्या कॉफीच्या वेळी बोलणं याच विषयावर. इकडची चाचणी डब्ल्यूएलटीपी: १,८०० सेकंद, २३ किलोमीटर, वेग १३१ पर्यंत जातो. आपल्याकडच्यापेक्षा कडक, पण तीही रोलरवर आणि उबदार खोलीत. म्हणून इथली वाहनचालकांची संघटना, एनएएफ, वर्षातून दोनदा गाड्या रांगेने खऱ्या रस्त्यावर सोडते, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा बर्फात, आणि त्या बंद पडेपर्यंत चालवते. कागद आणि रस्ता यांतला फरक गाडीच्या नावासकट छापून येतो. असं काहीतरी पुणे-सातारा रस्त्यावर मे आणि जुलैत कोणी केलं तर मी सुट्टी काढून येईन.

तुमच्या मे महिन्याच्या एसीसारखा आमचा जानेवारीतला हीटर. तोही तासावरच चालतो, आणि तुमच्या एसीपेक्षा जास्त खातो. वहीवाली ताई, वही चालू ठेवा.

घाटकरी (चिपळूण)

ताई, कुंभार्लीचं मी सांगतो. आठवड्यातून दोनदा कराड करतो, गाडी तुमच्याएवढ्याच बॅटरीची आहे.

जाताना काही चिंता नाही. कराडपासून पाटण, कोयनानगर करत रस्ता उंचावरच असतो, मग घाटमाथ्यावरून एकदम खाली. माथा सहाशेक मीटरवर आणि चिपळूण जवळपास समुद्रसपाटीला. परतीला तेवढी उंची गाठायला माणसांसकट गाडीला साडेतीन युनिटांच्या आसपास लागतात. टक्क्यांत सात-आठ. वर घाटातल्या किलोमीटरांचं नेहमीचं खाणं वेगळं. एकूण पायथा ते माथा दहा-अकरा टक्के धरून ठेवा, माझे कधी बाराच्या वर गेले नाहीत. उतरताना त्यातलं सगळं परत येत नाही. लोक म्हणतात 'घाटात गाडी चार्ज होते', होते, पण साधारण निम्मं मिळालं तरी देवाला नारळ द्यावा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. घाटमाथ्यावर बॅटरी भरलेली असली तर रिजन (पाय उचलला की मोटारच गाडी रोखते आणि वीज परत बॅटरीत घालते ते) चालत नाही, वीज ठेवणार कुठे? मग सगळा भार ब्रेकवर. म्हणून कराडला ८० च्या वर भरूच नका. दुसरं, गणपतीत घाटात शेवाळ असतं आणि धुकं असतं. रिजन एकदम कडक ठेवलं की पाय उचलताच पुढची चाकं धरतात, ओल्या वळणावर ते नको. मधल्या पातळीवर ठेवा. रेंजचं काय ते खाली येऊन बघू.

आणि अलोरे-शिरगावपासून चिपळूणपर्यंत खड्डे आहेत. त्यांची रेंज कोणी मोजलेली नाही.

टेकडीकर

घाटकरी, तुमचे साडेतीन कागदावरही बरोबर येतात. १,९०० किलो, ६०० मीटर: ३.१ युनिटं निव्वळ उचलायला, मोटारीत जातं ते धरून साडेतीन. ताई, तुमच्यासाठी मुद्दाम लिहिलं, म्हणजे तीनदा हिशेब करायला नको.

वहीवाली (गौरी-विसर्जनानंतर)

तरीही केला. जुळला.

परत आलो, वृत्तांत देते. जाताना आम्ही दोघंच आणि मागे सामान. टायर ३६. मी चालवत होते, पण ८५ वर क्रूझ लावून ठेवला आणि पाय आखडून बसले. पुण्याहून १००, कराडला ४७. म्हणजे शंभराला साडेचौदा. कराडला चार्जर मोकळा होता, ४७ चे ८० व्हायला सत्तावीस मिनिटं लागली. तेवढ्यात मिसळ झाली, ह्यांचा दुसरा चहा झाला, आणि शेजारच्या गाडीतल्या मुलाला मी एसी तासावर चालतो हे सांगितलं. त्याने वहीवर हे लिहून मागितलं नाही, पण ऐकून घेतलं.

घाट धुक्यात होता. माथ्यावर ६३ होते. खाली पायथ्याला ६४! एक टक्का जमा झाला. एकतीस वर्षांत इतकं कमी व्याज बघून इतका आनंद कधी झाला नव्हता. चिपळूणला दारात ५८.

येताना सासरच्या प्लगवर १०० करून निघालो आणि ठरवलं की कुठे न थांबता घरी जायचं, कारण हिशेबाने १२ उरत होते. पायथ्याला ९३, घाट चढून माथ्यावर ८२, कराडला ६५. घाटकरींचे अकरा टक्के अगदी अकराच निघाले. साताऱ्यापर्यंत मी निवांत होते. खेड-शिवापूरला १९ दिसले आणि ह्यांनी काही न बोलता, मला न विचारता हात पुढे करून एसी बंद केला. मी म्हटलं, "अहो, हायवेला शंभराला दीड युनिट खातो फक्त." म्हणाले, "असू दे." खिडक्या उघडल्या, त्या उघड्या खिडक्यांनी हवेचं बिल किती वाढवलं ते देवालाच ठाऊक. घरी १२.

मीटरवर रात्री लावलीय. सकाळी वाचून लिहीन.

डिझेलभक्त_बार्शी

काकू, आता तरी गाडी कुठली ते सांगा. मुलगा मागे लागलाय.

वहीवाली

नाही. त्याला म्हणावं, आधी बॅटरीला रेंजने भागायला शिक. मग वहीचा फोटो पाठवते, नाव झाकून.